हरताळाच्या दिवशी निघालेली गाडी

फोन वाजला तेव्हा रामदास मांजरेकरने डबा नुकता उघडला होता. जेवणाच्या वेळेला फोन करणाऱ्या माणसाला रामदास मनातल्या मनात नापास करत असे. पण हा फोन दादरच्या फौजदाराचा होता. त्याला नापास करून भागणार नव्हतं.

"मांजरेकर, एक गाडी तपासून द्या. आजच्या आज."

"अपघात?"

"खून," फौजदार म्हणाला. "तुम्ही फक्त ब्रेक चालू होते एवढं लिहून द्या. उद्या आरोपीला कोर्टात उभं करायचंय."

तपासणीच्या आधीच उत्तर ठरलेलं पाहून रामदासची भूक गेली. त्याने डबा बंद केला आणि टोपी उचलली.

छप्पन सालचा जानेवारी संपत आला होता. गोळीबारात गेलेल्या पोरांचे दिवसही अजून घातले गेले नव्हते. लालबाग-परळच्या चाळींत माणसं हळू आवाजात बोलत होती, आणि पोलिसाचा निळा डगला दिसला की तेही बंद होत होतं. अशात परवा पुन्हा हरताळ झाला. गिरण्या बंद, बस बंद. नाक्यानाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचे स्वयंसेवक हात जोडून गाड्या परत फिरवत होते. शिवाजी पार्कजवळच्या एका नाक्यावर दौलत नावाचा पंचवीस वर्षांचा गिरणी कामगार असाच उभा होता. सकाळी सव्वाआठला विजयकर वकिलांची जुनी गाडी त्याच्या अंगावर गेली आणि पलीकडच्या भिंतीवर आदळली. दौलत इस्पितळात पोचायच्या आधीच गेला.

विजयकरांचा ड्रायव्हर गुणाजी पारकर त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसलेला पोलिसांना सापडला. गाडी मीच चालवत होतो, ब्रेक लागला नाही, असं त्याने स्वतःहून सांगितलं. तेवढ्यावर भागलंही असतं. पण गुणाजी आणि दौलत लालबागच्या एकाच चाळीत राहणारे. आदल्या संध्याकाळी उद्या गाडी काढायची नाही म्हणून दौलत त्याला सगळ्यांसमोर बोलला होता, आणि गुणाजीही तापून म्हणाला होता, "आडवो इलंस तर तुज्या अंगार गाडी घालीन." वीस माणसांनी ते ऐकलं होतं.

म्हणजे ब्रेक तुटका निघाला तर अपघात, धड निघाला तर फाशी. गुणाजीचा जीव त्या एका ओळीवर टांगलेला होता, आणि ती ओळ रामदासने लिहायची होती.

रामदास वरळीच्या बीडीडी चाळीतला. बाप गिरणीत खपला, हा मात्र गॅरेजात फिटर म्हणून लागला आणि परीक्षा देत देत मोटार खात्यात इन्स्पेक्टर झाला. लायसन्सच्या टेस्ट घेणं, अपघातातल्या गाड्या तपासणं हे त्याचं काम, आणि गाड्यांच्या गोष्टी सांगणं ही त्याची खोड. विलायतेत सुरुवातीला मोटारीपुढे माणूस चालत जायचा कायदा होता, आणि काही वर्षं त्याच्या हातात लाल निशाण असे, ही गोष्ट तो समोरच्याची इच्छा असो नसो सांगायचाच. कचेरीतले लोक त्याला टाळून चहाला जात.

गाडी चौकीच्या मागच्या आवारात उभी होती. सव्वीस सालची इटालियन गाडी, काळं कापडी टप, बाजूला पडदे, दाराशी रबरी भोंगा. पुढचा दिवा फुटला होता आणि मडगार्ड चेपलं होतं. रामदासने आधी ब्रेक पाहिले. चारी चाकं जागच्या जागी धरत होती. दोन शिपायांना त्याने गाडी ढकलायला लावली आणि पेडल दाबलं. गाडी तसूभर हलली नाही.

"झालं?" फौजदाराने विचारलं.

"ब्रेक उत्तम आहेत."

"मग लिहा."

रामदासने लिहिलं नाही. तो टॉर्च घेऊन पायाशी वाकला. क्लच आणि ब्रेक या दोन मोठ्या पेडलांचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं, अठ्ठावीस वर्षं अनवाणी पायांनी घासलेलं. त्या दोघांच्या मधोमध रुपयाएवढं गोल बटण होतं आणि त्याचा दांडा वाकला होता. लोखंडावरचा ओरखडा अजून चकचकीत होता. मग त्याने गाडीची बॅटरी पाहिली. ती कधीचीच मेलेली होती.

"ही हँडल मारून सुरू करावी लागते," तो म्हणाला. "हँडल कुठे आहे?"

गाडीत हँडल नव्हतं. विजयकरांच्या गॅरेजात जमिनीवर पडलेलं शिपायांना दिसलं होतं, आणि कुणी ते उचललं नव्हतं.

गुणाजी कोठडीत गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. पन्नाशी उलटलेला, वाळकुडा, पांढऱ्या मिशीचा माणूस. रामदास समोर उकिडवा बसला.

"गाडी तू काढलीस?"

"मीच काढलंय, सायबा."

"हँडल कुठे ठेवलंस?"

"सीटीखाली. फडक्यात गुंडाळून. रोज थयच ठेवतंय."

"नाक्यावर भोंगा वाजवलास?"

गुणाजी थांबला. "याद नाय."

"दौलत समोर दिसल्यावर काय केलंस?"

"ब्रेक मारलंय."

"कुठल्या पेडलवर पाय मारलास?"

"ब्रेकच्या. उजव्या बाजूच्या," गुणाजी म्हणाला. हा काय विचारायचा प्रश्न आहे, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. "पण तो लागलो नाय."

"ब्रेक उत्तम आहे, गुणाजी. आत्ताच पाहून आलो. तुझ्यावर खुनाचा आळ आहे, ठाऊक आहे ना?"

गुणाजीचा चेहरा एकदम उतरला. तरी गाडी मीच काढलंय, एवढंच त्याने पुन्हा सांगितलं. खरा खुनी असा दचकत नाही, असं रामदासला वाटलं. पण वाटण्याला कोर्टात कोण विचारतो?

नाक्यावर फुलवाली गंगुबाई बसत असे. रामदासने तिच्याकडून एक गजरा घेतला आणि मग प्रश्न काढला. ती आधी घाबरली, पोलिसाला सगळं सांगितलंय म्हणाली. हळूहळू मोकळी झाली. मागच्या गल्लीतून गाडीचा आवाज बराच वेळ येत होता, बंद पडायला यायची आणि पुन्हा धरायची. मग धक्के खात वळणावर आली. पडद्यामुळे आतलं कोण ते दिसलं नाही.

"भोंगा वाजला?"

"नाय ओ. गुणाजीची गाडी पोंपों केल्याशिवाय कधी वळत नाय. परवा गपचूप आली."

"मग?"

"पोरगा हात आडवे करून उभा राह्यला. गाडी हळू होती. मला वाटलं थांबली. आणि साहेब, थांबायचं सोडून ती ओरडली. उसळलीच. मी टोपली टाकून पळाले."

"गुणाजी गाडीतून उतरताना पाहिलात?"

"मी मागे वळले तेव्हा तो पोराजवळ होता. कुठून आला ते देव जाणे."

थांबायचं सोडून उसळली, हे फौजदारानेही टिपून घेतलं होतं. मुद्दाम अंगावर घातल्याचा याहून मोठा पुरावा त्याला नको होता. रामदासला मात्र तो वाकलेला दांडा आठवत होता.

विजयकरांचा बंगला हाकेच्या अंतरावर होता. शरदचंद्र विजयकर नामांकित सॉलिसिटर, मुंबईतलं जुनं घराणं, बोलणं मोजकं आणि शुद्ध. त्यांनी रामदासला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नीच्या, कमळाबाईंच्या, धापेचा आवाज येत होता. दम्याचा विकार जुना, परवा सकाळी फारच वाढला होता, असं ते म्हणाले. हरताळामुळे डॉक्टर सायकलवरून दहाला आले.

"नवी फियाट आहे ना तुमच्याकडे?"

"दुरुस्तीला दिली आहे. गेल्या आठवड्यात कुणीतरी दगड मारून काच फोडली."

"मग गुणाजीने जुनी काढली."

"अर्थात. मी कळवलंय तसं. दुर्दैवी अपघात आहे. मी त्याचा वकील देईन."

त्यांचा मुलगा मनमोहन कोपऱ्यात बसला होता. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, हात गळ्यात. रामदासने विचारलं तेव्हा परवा सकाळी न्हाणीघरात घसरलो असं तो म्हणाला आणि वडिलांकडे बघितलं. रामदासने आपलं उजवं मनगट चोळलं. तेही जरा वाकडंच होतं.

चहा घेऊन आली ती विजयकरांची मुलगी लीला. रामदासला पाहून ती थबकली. त्यानेही ओळखलं. दोनच महिन्यांपूर्वी तिची लायसन्सची टेस्ट त्याने घेतली होती. त्या दिवशी तो खुशीत होता. एका जर्मन बाईने सत्तर वर्षांपूर्वी नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढली, पेट्रोलची नळी टोपीच्या पिनेने साफ केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं आणि साठ-पासष्ट मैलांवरचं माहेर गाठलं, ही गोष्ट त्याने तिला सांगितली होती. ती खळखळून हसली होती. आज तिने त्याच्याकडे न बघता चहाचा कप पुढे ठेवला.

"ब्रेक नादुरुस्तच असणार," ती एकदम म्हणाली. "लागलेच नसणार. तुम्ही नीट बघा ना."

"लीला, आत जा," शरदचंद्र म्हणाले.

रामदासने चहा संपवला आणि सरळ लालबाग गाठलं. गुणाजीची बायको शेवंती दार अर्धवट लावून बसली होती. चाळीने तिला वाळीत टाकलं होतं. नळावर ती आली की बायका हंडे उचलून बाजूला होत होत्या. परवा गिरणीचा भोंगा वाजलाच नाही, त्यामुळे गुणाजी कधी बाहेर पडला याची वेळ तिला सांगता येईना. पोलिसांनी म्हणूनच तिचं ऐकलं नव्हतं. पण तो चालत गेला, हे तिने शपथेवर सांगितलं. आज गाडी धुईन, पण काढणार नाही, दौलत बरोबरच बोलला, असं तो निघताना म्हणाला होता.

"मग तो कबूल का करतो?"

"त्या घरातल्या चेडवाक त्यानी कडेर घेऊन वाढवल्यान, सायबा. आमका मूल नाय." शेवंतीने डोळ्यांना पदर लावला.

तिसऱ्या प्रहरी रामदास फौजदाराला घेऊन पुन्हा विजयकरांच्या दिवाणखान्यात उभा राहिला. फौजदार कुरकुरतच आला होता. रामदासने वाटेत गॅरेजातलं हँडल उचलून आणलं होतं. ते त्याने मनमोहनसमोर धरलं.

"डाव्या हाताने धरा. जसं सुरू करताना धरता तसं."

मनमोहनने ते मुठीत पकडलं, अंगठा खालून वळवून.

"बघा फौजदारसाहेब. क्रिकेटची बॅट धरावी तसं धरलंय. जुन्या गाडीचं हँडल असं धरायचं नसतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा अडकलेला असेल तर मनगट मोडतं. गेल्या पिढीत डॉक्टर हे मनगट बघूनच ओळखायचे की हा मोटारवाला. माझं सोळाव्या वर्षी मोडलं. गुणाजीचं अठ्ठावीस वर्षांत मोडलं नाही, कारण त्याला येतं. आणि गुणाजी हँडल फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवतो. परवा ते जमिनीवर टाकलेलं होतं. ज्याचं मनगट मोडलं त्याच्या हातून पडलं."

मनमोहन पांढराफटक पडला. "मी गाडी चालवली नाही," तो म्हणाला.

"मग वकिलांच्या पोराने मारलं?" फौजदार पुढे झाला.

"नाही, ते खरं बोलतायत," रामदास म्हणाला. "गल्लीतून नाक्यावर काटकोनात वळावं लागतं. या गाडीचं चाक दोन हातांनी ओढलं तरी घाम फुटतो. मोडल्या मनगटाने ते वळणार नाही. मनमोहनराव गॅरेजात हात धरून बसले होते. सीटवर दुसरं कुणी होतं."

आतली धाप तेवढी ऐकू येत होती.

"आता गाडी उसळली का ते सांगतो. आजच्या गाडीत डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. तुमच्या जीपमध्येही तसंच. पण हे पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. त्या काळच्या कितीतरी गाड्यांत ब्रेक उजवीकडे आणि ॲक्सिलरेटर मधोमध असे. ही गाडी त्यातली. गुणाजीने मला ब्रेक उजवीकडे म्हणून सांगितलं, त्याच्या पायाला दुसरं माहीतच नाही. आणि मधल्या बटणाचा दांडा वाकलाय. अंगावर गाडी घालणारा माणूस ॲक्सिलरेटर दाबतो, त्यावर लाथ मारत नाही. सगळं अंग टाकून लाथ मारतो तो ब्रेकवर. आणि अनवाणी पायाने लोखंड वाकत नाही, ओरखडाही उठत नाही. कुणीतरी पायात वहाणा घालून, जीव तोडून गाडी थांबवायचा प्रयत्न केला. म्हणून ती उसळली."

"कुणीतरी म्हणजे कोण?" फौजदाराने विचारलं.

"ज्याला फक्त नवी गाडी येते. ज्याला ब्रेक लागले नाहीत याची इतकी खात्री आहे की त्याने मला न विचारता सांगितलं."

लीला दाराला टेकून उभी होती. तिने लपायचा प्रयत्न केला नाही.

आई काळीनिळी पडत होती, ती म्हणाली. टेलिफोनवर डॉक्टर सापडत नव्हते. गुणाजीमामा आला नव्हता. दादाने हँडल मारलं, त्याचा हात गेला, पण इंजिन सुरू झालं. आईला इस्पितळात न्यायला गाडी फक्त वळसा घालून पुढच्या दाराशी आणायची होती, पन्नास पावलं. गल्लीत उजवं पेडल दाबलं की ती बंद पडायला येत होती, मग नुसता क्लच सोडून एकदाची चालली. समोर तो माणूस हात पसरून आला, आणि तिने ब्रेक दाबला, मग आणखी जोराने दाबला. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. ती पळत घरात आली. बाबा बाहेर गेले आणि थोड्या वेळाने सांगत आले की गुणाजी सगळं बघून घेईल, ब्रेक फेल झाल्याचा साधा खटला आहे, उद्या जामिनावर सुटेल.

"तुम्ही रस्त्यावर गेलात तेव्हा गुणाजी नुकता चालत पोचला होता," रामदास शरदचंद्रांना म्हणाला. "मुलीसाठी त्याच्याकडे शब्द मागितलात आणि त्याने दिला. मुलीने ब्रेक लागले नाहीत म्हटलं, ते तुम्ही खरं मानलंत. इथपर्यंत मी समजू शकतो. पण फौजदारांनी खुनाचा गुन्हा काल दुपारी लावला. वकील म्हणून तो तुम्हाला कळलाच असणार. कालपासून तुम्ही गप्प का आहात?"

शरदचंद्र पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"खून?" लीला म्हणाली. "बाबा, गुणाजीमामावर खून?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. ती रामदासकडे वळली.

"मी कुठे चुकले?"

या प्रश्नाची रामदासला भीती होती. टेस्टच्या दिवशी त्याने अचानक डॅशबोर्डवर थाप मारली होती, आणि लीलाचा पाय विचार करायच्या आत मधल्या पेडलवर गेला होता. त्याची टोपी उडाली होती. शाबास, असाच पाय गेला पाहिजे, असं म्हणून त्याने सही केली होती.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "मी शाबासकी दिली तसंच केलंत. गाडी दुसरी होती."

लीलाने आईच्या खोलीत एकदा डोकावून पाहिलं, वहाणा घातल्या आणि फौजदाराच्या पुढे चालू लागली. फौजदाराने शरदचंद्रांनाही टोपी घ्यायला सांगितलं. खोटी कबुली उभी करणं हाही गुन्हा असतो, हे वकिलाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

गुणाजीला सोडलं तेव्हा ऊन कललं होतं. त्याने रामदासचे आभार मानले नाहीत. लीला, त्याचं चेडू, कोठडीत आहे हे कळल्यावर तो चौकीच्या पायरीवरच बसला आणि ढसाढसा रडला. तुमका कोणी सांगितलेला ह्या उकरून काढूक, असं त्याने रामदासला तोंडावर विचारलं. त्याला एकटं सोडवेना म्हणून रामदास त्याच्याबरोबर लालबागपर्यंत चालत गेला.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. चाळीच्या कठड्यांवर माणसं उभी होती. कुणीतरी पुढे येऊन गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. शेवंती धावत आली. गुणाजी मात्र घराकडे न वळता दुसऱ्या मजल्यावर गेला. दौलतच्या आईच्या, मीराबाईच्या, दारात त्याने डोकं टेकलं.

"मीराबाय, मी मारूक नाय तुज्या झिलाक," तो म्हणाला. "मी गाडीत नव्हतंय."

मीराबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते तीन दिवसांत संपलं होतं.

"मगे खोटा कित्याक बोललंस?"

गुणाजीने टेकलेलं डोकं वर उचललं.

"तुका फाशी जावची हौस होती तर जा. तो तुजो जीव. पण मेलो तो माजो झील. तीन दिस मी तुका शिव्याशाप दिले. ते कोणाक देऊचे होते, तेवढा तरी माका खरा सांगूक होया होता."

रामदास जिन्यात दोन पायऱ्या खाली उभा होता. विजयकरांना दिलेल्या शब्दासाठी फासावर चढायला निघालेला तो माणूस आता दाराची चौकट धरून उभा राहिला. मीराबाईने दार लावलं नाही. ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली, तो काय सांगतो त्याची वाट बघत.